११.२ वर अडकलेलं डाउनलोड: नेट नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधायचं

मी एका छोट्या ऑफिसात नेटवर्क सांभाळते, आणि हे आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे कुणाचंही नेट स्लो झालं की एक फोन कंपनीला जातो आणि दुसरा मला येतो. गेल्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. "अगं, शंभरचा प्लॅन आहे आमचा. पैसे शंभरचे घेतात आणि देतात अकरा. हे बघ." त्यांनी मोबाइलवर लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता. नातीच्या बारशाचे व्हिडिओ उतरवून घेणं चालू होतं आणि खाली वेग दिसत होता ११.२.

त्याच आठवड्यात माझ्या घरच्या लॅपटॉपवरही ११.२ च दिसत होतं. फक्त आमचा प्लॅन ३०० चा आहे.

काकूंच्या घरी काहीही बिघडलेलं नव्हतं. माझ्या घरी बिघडलेलं होतं, आणि तेही पुन्हा पुन्हा. कंपनीचा मुलगा येऊन राउटर बंद-चालू करून जायचा, दोन दिवस बरं चालायचं, तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. आकडा एकच, पण एका घरी तो धडधाकट लाइनचा होता आणि दुसऱ्या घरी बिघाडाचा. हा फरक ओळखता आला की स्लो नेटच्या बऱ्याच तक्रारी घरच्या घरी सुटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काकूंचे ११.२

कंपनी प्लॅन विकते मेगाबिटमध्ये आणि ब्राउझर फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. इंग्रजीत लिहिताना एकात 'बी' लहान लिपीतला असतो आणि दुसऱ्यात मोठ्या, पण घाईत तो फरक कुणाच्या डोळ्यात भरत नाही. म्हणजे १०० ला आधी ८ ने भागायचं. आले १२.५.

मग काकूंना १२.५ का दिसत नव्हते? कारण फाइल वायरीतून सलग वाहत येत नाही. तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पाकिटात घालून पाठवला जातो. वायरीवर एका भरलेल्या पाकिटाची जागा १,५३८ बाइट. त्यात तुमच्या फाइलचा मजकूर साधारण १,४४८ बाइट. उरलेली जागा पत्ता, अनुक्रमांक, तपासणीचे आकडे आणि दोन पाकिटांमधलं मोकळं अंतर खातात. म्हणजे १०० पैकी ९४ च फाइलच्या वाट्याला येतात. ९४ भागिले ८ म्हणजे ११.७ च्या वर.

यातही एक शेवटची मेख आहे. बरेच प्रोग्राम १,०२४ गुणिले १,०२४ बाइटांना एक एमबी धरतात, दहा लाखांना नाही. १९९८ मध्ये या मोठ्या एमबीला मेबिबाइट असं वेगळं नावसुद्धा देण्यात आलं, पण स्क्रीनवर बहुतेक ठिकाणी अजून एमबीच लिहून येतं. या हिशेबाने ११.७ चे होतात ११.२. काकूंना हे वहीत भागाकार करून दाखवलं. त्यांच्या १०० मधला एकही मेगाबिट कुणी खाल्लेला नव्हता.

तोंडी हिशेबासाठी मी एक सोपी रीत वापरते: प्लॅनच्या आकड्याला नऊने भागा. ५० चा प्लॅन असेल तर साडेपाच, १०० चा असेल तर अकरा, २०० चा असेल तर बावीस, ३०० चा असेल तर तेहतीस. डाउनलोड याच्या आसपास चाललं असेल तर लाइन ठीक आहे. चार जीबीची फाइल शंभरच्या प्लॅनवर सहा मिनिटं घेणारच, त्यासाठी कुणाशी भांडायला नको.

माझे ११.२

माझ्या घरी तेहतीस दिसायला हवे होते. स्पीड टेस्ट लावली की ९४. सकाळी ९४, दुपारी ९४, रात्री अकरालाही ९३.८. हा ९४ चा आकडा डोक्यात ठेवा, कारण तो फार बोलका आहे. गर्दीमुळे नेट स्लो होतं तेव्हा आकडा हेलकावे खातो: आता ६०, मग २२, मग ११०. एकाच आकड्यावर खिळून बसलेलं नेट गर्दीचं नसतं. वाटेत कुठेतरी १०० चं दार आहे आणि त्यातून जेवढं मावतं तेवढंच येतंय, असा त्याचा अर्थ.

मग ते दार शोधायचं. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या नेटवर्क विभागात इथरनेट उघडलं की खाली लिंक स्पीड दिसतो. तिथे १०००/१००० असेल तर लॅपटॉप ते राउटर हा टप्पा ठीक. १००/१०० असेल तर घोळ तिथेच. माझ्याकडे १००० होते. मग ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर जाऊन बाहेरून येणारी वायर किती वेगाने जोडली गेली आहे ते पाहिलं. तिथे १०० लिहिलेलं होतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये फायबर घरापर्यंत येत नाही. गच्चीलगतच्या डब्यात येतो, आणि तिथून साधी लॅनची वायर डक्टमधून प्रत्येक मजल्यावर उतरते. पुण्यातल्या बऱ्याच जुन्या सोसायट्यांत अशीच सोय आहे. आमची वायर मुख्य दाराच्या वरच्या कोपऱ्यातून आत शिरते. जिन्यातला दिवा लावून स्टुलावर चढले तेव्हा दिसलं की सेफ्टी डोअरच्या बिजागरीच्या बाजूला वायर चपटी झाली आहे. निळ्या प्लास्टिकवर पांढरट वळ उठला होता. दार प्रत्येक वेळी बंद होताना ती वायर चिमटीत धरल्यासारखी दाबत होतं.

लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्यांत पिळलेल्या: केशरी, हिरवी, निळी आणि तपकिरी. १०० मेगाबिटचं काम केशरी आणि हिरव्या जोडीवर भागतं. एक हजारला मात्र चारही जोड्या लागतात. एखादी तपकिरी तार तुटली तर नेट बंद पडत नाही. बहुतेक वेळा दोन्ही टोकांची यंत्रं मुकाट्याने १०० वर तडजोड करतात. लाल दिवा नाही, कुठे एरर नाही. म्हणूनच हा बिघाड महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि बंद-चालू केल्यावर दोन दिवस बरं का चालायचं, तेही इथेच उलगडलं. राउटर सुरू होताना दोन्ही टोकं नव्याने वेग ठरवतात. त्या क्षणी तुटलेल्या तारेची टोकं एकमेकांना टेकलेली असली की ठरतं १०००. मग कधीतरी दार जोरात आपटतं, टोकं सुटतात, आणि वेग पुन्हा १०० वर येतो. कंपनीचा मुलगा खोटं बोलत नव्हता. तो निघायचा तेव्हा खरंच २९० च्या आसपास दिसत असायचे.

वायरीला वर थोडा सैल वेढा होता, त्यामुळे दबलेला भाग कापून टाकता आला. बाहेरचं वेष्टन सोललं तर तपकिरी तारेचा तुकडा बोटांत सुटून आला. तापकीर गल्लीतून वायरीच्या टोकाला लागणारे आरजे ४५ चे चार जॅक आणले, ते दाबून बसवायची क्रिम्पिंगची पक्कड ऑफिसची होती. तारांचा क्रम: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीच्या दोन्ही अंगांना फाकलेली असते, आणि नवशिक्यांची चूक नेमकी तिथे होते. तारा एका रेषेत कापायच्या, जॅकच्या टोकापर्यंत पोचल्या का ते पारदर्शक बाजूने बघायचं, आणि मगच दाबायचं. वायर नंतर पट्टीत घालून दारापासून लांब नेली. लिंक १०००, डाउनलोड ३३.४. त्यानंतर आजतागायत तो आकडा १०० वर आलेला नाही.

स्वतः जॅक मारायचा नसेल तर काहीच हरकत नाही. फक्त येणाऱ्या दादाला "नेट स्लो आहे" असं सांगू नका. "लिंक १०० वर येतेय, हजारवर आणून द्या, जॅक तपासा," असं सांगा. या एका वाक्याने त्याचंही अर्ध्या तासाचं काम वाचतं.

वायर चांगली असूनही ९४ वरच गाडी थांबत असेल तर राउटर बघा. चार अँटेना, खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२००, आणि मागची सगळी भोकं १०० ची, असे राउटर दुकानात सर्रास मिळतात. तो १२०० चा आकडा दोन्ही वायफाय बँडच्या (म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या लहरींच्या दोन पट्ट्यांच्या) हवेतल्या वेगांची बेरीज असतो, ३०० आणि ८६७. वायरच्या भोकाशी त्याचा संबंध नाही. खोक्यावर 'फास्ट इथरनेट' असेल तर ते १०० चं. 'गिगाबिट' हा शब्द पाहूनच घ्या. काही फायबरच्या डब्यांनाही एक भोक हजारचं आणि बाकीची १०० ची असतात. वायर शेजारच्या भोकात घातली आणि काम झालं, असंही मी दोन घरी पाहिलं आहे.

"रात्री आठनंतर रखडतं"

ही दुसरी मोठी तक्रार, आणि तिचं उत्तर सगळ्यांकडे आधीच तयार असतं: कंपनीकडे लोड आहे. कधीकधी तसं असतंही. पण माझ्या अनुभवात लोड बरेचदा घरातल्या हवेवर असतो.

माझे मामा शनिवार पेठेत जुन्या वाड्यात राहतात. दुपारी सगळं सुरळीत, रात्री जेवणं झाली की व्हिडिओ गोल फिरत बसायचा. मामांनी दोनदा कंपनी बदलली, तरी फरक नाही. मी एका रात्री साडेआठला लॅपटॉप घेऊन गेले आणि फक्त एकच गोष्ट केली: वायफाय बंद करून लॅपटॉप वायरने राउटरला जोडला. स्पीड टेस्टमध्ये ९४. वायर काढली, वायफाय चालू केलं, मधल्या खोलीत जाऊन बसले. १४.

दोन कंपन्यांचा दोष नव्हता तो. ही वायरची चाचणी तक्रारीच्याच वेळी करायची, हे महत्त्वाचं. सकाळी केलेल्या चाचणीतून रात्रीचं काही कळत नाही.

मामांचे फोन आणि टीव्ही २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर होते. या बँडवर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच धरतात: १, ६ आणि ११. फोनवर वायफायचं स्कॅनर ॲप उघडलं तर त्या मधल्या खोलीत २७ नेटवर्क दिसली. पेठेत भिंतीला भिंत, गल्ली दहा-बारा फुटांची, समोरच्या खिडकीतलं नेटवर्क आपल्यापेक्षा जोरात दिसतं. वायफायचा नियम असा की एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. त्यात शेजाऱ्यांची यंत्रंसुद्धा आली. संध्याकाळी आठला सगळी गल्ली एकदम मालिका आणि मॅच लावते, आणि मामांचा टीव्ही आपली पाळी येण्याची वाट बघत बसतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, तो चालू असताना भर पडते ती वेगळीच.

काही जण हुशारीने ३ किंवा ८ नंबरचा चॅनेल लावतात, मोकळा दिसतो म्हणून. त्याने उलट त्रास वाढतो. आजूबाजूच्या दोन्ही चॅनेलवाल्यांशी पाळी लावण्याऐवजी दोघांचाही गोंगाट अर्धवट ऐकू येत राहतो. १, ६, ११ मधला कमी गर्दीचा निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा.

आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगते. हवा पूर्ण मोकळी असली तरी २.४ च्या नेहमीच्या वायफायवर, एक अँटेना असलेला फोन ७२ मेगाबिटची लिंक धरतो आणि हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडतात. म्हणजे अशा फोनवर त्या बँडवर १०० चा प्लॅन कधीच १०० दिसणार नाही, कंपनी कितीही चांगली असली तरी.

उपाय ५ गिगाहर्ट्झचा. तिथे जागा ऐसपैस आहे आणि भिंतीतून तो फारसा पार जात नाही. हा त्याचा कमकुवतपणा पेठेत फायद्याचा ठरतो, कारण शेजाऱ्यांचा ५ गिगाहर्ट्झही आपल्याकडे येत नाही. अडचण एवढीच की आपल्याच घरातल्या जाड भिंतींनाही तो हरतो. मामांच्या वाड्याच्या भिंती दीड फुटाच्या, विटामातीच्या. राउटर बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या मागे, शेजारी लोखंडी कपाट, आणि मधल्या खोलीच्या माळ्यावर पाचशे लिटरची पाण्याची टाकी. पाणी रेडिओलहरी शोषून घेतं आणि लोखंड त्या परतवतं. पुण्यात एक वेळच्या पाण्यामुळे माळ्यावर टाकी असलेली घरं पुष्कळ आहेत. अशा टाकीखाली किंवा टाकीआड राउटर ठेवू नका.

आम्ही राउटर मधल्या दाराच्या चौकटीवर, डोक्याच्या वर, दोन्ही खोल्यांना तोंड करून बसवला. दोन्ही बँडना वेगवेगळी नावं दिली, कारण नाव एकच असलं की काही फोन सवयीने २.४ लाच चिकटून बसतात. टीव्हीला सरळ वायर टाकली. त्या रात्री मधल्या खोलीत मामांच्या फोनवर ८१ दिसले. वायफाय वाढवणारा स्वस्तातला रिपीटर आणण्याचा मामांचा विचार होता, तो मी सोडायला लावला. एकाच बँडवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर प्रत्येक पाकीट दोनदा हवेत सोडतो, म्हणजे वेग जवळपास निम्मा. त्यापेक्षा आतल्या खोलीपर्यंत वायर न्या आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीवरून आलेलं नेट तिथल्या वायफायवर देणारा डबा म्हणून, लावा.

वायरवरही रात्री आकडा पडत असेल तर

मग तक्रार खरी आहे आणि ती कंपनीचीच आहे. घरोघरी येणारा फायबर सहसा जीपॉन पद्धतीचा असतो. एका फायबरवर खाली येणारा वेग सुमारे २.५ गिगाबिट, आणि स्प्लिटर लावून तो ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला. ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने डाउनलोड केलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ मेगाबिट येतील. तसं सहसा होत नाही, आणि याच भरवशावर प्लॅन विकले जातात. त्यात काही गैर नाही. पण स्प्लिटर पूर्ण भरला असेल किंवा कंपनीने पुढची लाइनच अपुरी घेतली असेल, तर रात्री नऊला ते उघडं पडतं. तीन दिवस, सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री नऊ, वायरवर चाचणी घेऊन आकडे लिहून ठेवा. ट्राय या दूरसंचार नियामकाचं मायस्पीड ॲप फोनवर आहे, पण ते वायफायची गोष्ट सांगेल. कंपनीसाठी वायरचे आकडेच धरा.

पावसाळ्यातच त्रास होत असेल तर फायबरमधून येणारा प्रकाश मोजा. फायबरच्या डब्याच्या पानावर 'आरएक्स पॉवर' नावाचा उणे आकडा असतो. उणे १८, उणे २२ म्हणजे छान. उणे २७ च्या पलीकडे गेला की डब्याला प्रकाश नीट वाचता येत नाही. दहाचा फरक म्हणजे प्रकाश दहापट कमी, त्यामुळे उणे १९ चा उणे २९ झाला तर ते किरकोळ नाही. कारणं साधी असतात: खिडकीच्या स्लायडिंगमध्ये चिमटलेला फायबर, टीव्हीमागे पेन्सिलीएवढ्या जाडीवर गुंडाळून ठेवलेलं भेंडोळं, गच्चीवरच्या जोडडब्यात शिरलेलं पाणी, रस्ताखोदाईत तुटून घाईघाईने जोडलेला सांधा. लाल एलओएस दिवा लागला तर प्रकाश पार गेला आहे, मग घरात काही करू नका. जिथे माझ्यासारखी गच्चीपर्यंतच फायबर आणि पुढे लॅनची वायर आहे तिथे वळवाच्या विजांनी गच्चीवरच्या स्विचची भोकं जळतात. एखादं भोक अर्धवट जळून १० मेगाबिटवर अडकल्याचंही मी पाहिलं आहे.

एकच फाइल स्लो, बाकी सगळं झकास

यूट्यूब फोर-के चालतं, स्पीड टेस्ट पूर्ण दाखवते, पण एखाद्या परदेशी विद्यापीठाच्या साइटवरून फाइल उतरते ती गोगलगायीच्या चालीने. इथे तुमचं घरही निर्दोष आणि कंपनीही. स्पीड टेस्ट पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या जवळच्या सर्व्हरशी बोलते. लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती कंपनीच्या जवळच साठवलेल्या असतात. तुमची फाइल मात्र खरोखर अमेरिकेतून येते.

काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुण्याहून न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, समुद्रातली केबल त्याहून वळणावळणाची. जाऊन येऊन दोनशे मिलिसेकंदांच्या वर लागतात. पाठवणारा सर्व्हर काही पाकिटं सोडतो आणि पोचपावतीची वाट बघतो. जुन्या पद्धतीत पोचपावती येईपर्यंत जास्तीत जास्त ६४ केबी सोडता यायचे. सेकंदाला पाच फेऱ्या धरल्या तर ३२० केबी, मग तुमचा प्लॅन हजारचा असला तरी. १९९२ मध्ये ही मर्यादा वाढवण्याची सोय ठरली, म्हणून आज परिस्थिती बरी आहे. पण लांबच्या वाटेवर एखादं पाकीट हरवलं की सर्व्हर हात आखडता घेतो आणि पुन्हा वेग धरायला त्याला बऱ्याच फेऱ्या लागतात. मुंबईच्या सर्व्हरला त्याच फेऱ्या काही मिलिसेकंदांत उरकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ समुद्री केबल तुटल्या तेव्हा भारतातही परिणाम जाणवला. अशा वेळी कोथरूडमधला राउटर बंद-चालू करून काय होणार?

ओळखायची खूण: ती फाइल चालू ठेवून दुसरीकडून आणखी एक मोठी फाइल लावा. दुसरी झपाट्याने आली तर लाइनमध्ये जागा आहे, अडचण पहिल्या सर्व्हरची किंवा वाटेची. साइटवर आशियातला, शक्यतो भारतातला मिरर, म्हणजे त्याच फाइलची प्रत ठेवणारा सर्व्हर, असेल तर तो निवडा. एकाच फाइलसाठी अनेक जोडण्या उघडणारा डाउनलोड मॅनेजरही इथे खरंच उपयोगी पडतो.

छोट्या गोष्टी, पण विसरू नका

महिन्याच्या शेवटी स्लो आणि बिलाच्या तारखेनंतर आपोआप बरं, असं असेल तर एफयूपी, म्हणजे ठराविक वापरानंतर वेग कमी करण्याची अट. बऱ्याच 'अनलिमिटेड' प्लॅनना महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते, त्यापुढे वेग पाडतात. जुन्या हार्ड डिस्कवर किंवा स्वस्त पेन ड्राइव्हवर उतरवत असाल तर लिहिण्याचा वेगच कमी असतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसली तर नेटला बोल लावू नका. कार्यक्रमाचे फोटो काढून घरी आल्यावर दोन-तीन फोन एकदम बॅकअप चढवायला लागतात, तेव्हा अपलोडची वाट तुंबते आणि डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात. तपासायचं असेल तर ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर) पिंग लावून ठेवा, म्हणजे त्याचं उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसत राहील. एरवी ७-८ मिलिसेकंद असलेला आकडा बॅकअपच्या वेळी २००-३०० वर गेला तर रोग हाच. बॅकअप रात्री उशिराची ठेवा.

तक्रार लिहायची ती अशी

माझी आतेबहीण धायरीला राहते. महिनाभर रोज कॉल सेंटरला फोन करत होती आणि रोज तिला "मॅडम, राउटर रीस्टार्ट करा" एवढंच ऐकायला मिळत होतं. तक्रारीचा डॉकेट नंबर एकदाही तिने मागून घेतला नव्हता. तो घ्याच, कारण दाद मिळाली नाही तर ट्रायच्या नियमांप्रमाणे कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं आणि तिथे तो नंबर लागतो. तिच्याकडून आकडे लिहवून घेतले आणि तिने हे पाठवलं:

"प्लॅन २०० मेगाबिट. लॅपटॉप वायरने जोडलेला, लिंक १०००. सोमवार ते बुधवार सकाळी ७ ला १८८, १९०, १८७. रात्री ९ ला पाऊस नसताना १८५, पाऊस असताना ३१ आणि २६. पाऊस असताना आरएक्स पॉवर उणे २८.६, एरवी उणे २३. राउटर रीस्टार्ट करून फरक पडत नाही. कृपया बाहेरचा जोड तपासावा. डॉकेट नंबर द्यावा."

दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. घरात आलाच नाही, शिडी घेऊन थेट कोपऱ्यावरच्या खांबाकडे गेला. जोडडब्याचं झाकण उघडलं तर आत बोटभर पाणी साचलेलं होतं.